दीड वर्षाने थोरली

कुमुदच्या अंगावर ब्याऐंशी किलो वजन होतं, तोवर तिचं वय कुणी विचारलं नाही. जाड बाईचं लोक वजन मोजतात, वय मोजत नाहीत. एवढी एक सोय देवाने जाड बायकांसाठी करून ठेवली आहे. तिचे गाल भरलेले होते, मानेवर रेघ नव्हती, कपाळ घासलेल्या ताटासारखं गुळगुळीत होतं. द्वारकेच्या त्यांच्या सोसायटीतल्या वृंदावहिनी हळदीकुंकवाला म्हणायच्या, "कुमुद, तू यार पन्नाशीची वाटतच नाहीस." कुमुद "चला, काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि मग दिवसभर स्वयंपाकघरात गुणगुणत असायची.

ह्या गुणगुणण्यामागे कारण होतं. कुमुद नवऱ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी होती आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होती.

झालं होतं ते असं. नगरला, पाच वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. ताप गेला, पण पायांतली ताकद घेऊन गेला. पोरगी तीन वर्षं घरात बसून राहिली आणि शाळेत गेली ती आठव्या वर्षी. वडील त्याच शाळेत मास्तर. एवढी थोराड मुलगी पहिलीत बसलेली बघून पोरं तिला पिडतील, म्हणून त्यांनी दाखल्यावर चौसष्ट सालाचं सदुसष्ट केलं. पुढे पत्रिकासुद्धा त्याच तारखेवरून मांडली. शशिकांतच्या पत्रिकेशी तिचे अठ्ठावीस गुण जुळले. म्हणजे कधी जन्मालाच न आलेल्या एका मुलीचे जुळले. शशिकांत पासष्टचा. कागदावर कुमुद त्याच्याहून दीड वर्षाने लहान, आणि खरं म्हणाल तर दीड वर्षाने थोरली. लग्नाच्या आदल्या दिवशी वडील तिला बाजूला घेऊन म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कुमे. उघडू नकोस." पुढे वडील गेले, आई गेली. मूठ तेवढी तिच्याजवळ राहिली.

आता कुणी म्हणेल, दीड वर्ष म्हणजे काय मोठंसं. पण ते शशिकांतला बघितलं नसलेला माणूस म्हणेल. शशिकांत दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत, पाणीखात्यात. ऑफिसात वरच्यांपुढे मान खाली आणि घरात मान वर. घर कुठे घ्यायचं, मुलीला, उत्तराला, कुठल्या शाळेत घालायचं, गॅलरीत तुळस कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, सगळ्या वादांचा शेवट एकच. "कुमे, तुझ्यापेक्षा दोन पावसाळे जास्त पाहिलेत मी." कुमुद मनात म्हणायची, बघितले असतील तर असू देत. तेहतीस वर्षं तिने त्याला मोठेपण दिलं. आणि त्या बदल्यात तिला त्याच्याशेजारी धाकटी म्हणून उभं राहायला मिळालं. तिला हवं होतं ते एवढंच. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती साठ वर्षांची झाली, तेव्हा तिने श्रीखंड-पुरीचा बेत केला. शशिकांतने विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "सहज. उकडतंय म्हणून."

गुडघे मात्र खोटं बोलत नव्हते. शुगरही चढली. गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि वीस किलो उतरवायला सांगितले. गुडगावला नोकरी करणाऱ्या उत्तराने हे लगेच मनावर घेतलं. पोटावर टोचायचं, आठवड्याला एक असं ते नवं इंजेक्शन डॉक्टरांकडून लिहून घेतलं, मोबाइलवर डाएटचा तक्ता चढवला आणि वर आईला हौसही लावून दिली.

"मम्मा, डिसेंबरमध्ये बाबांची साठी आहे. उग्ररथ शांत करायची ना? तेव्हा तू लग्नातला शालू नेसायचा. तोच ब्लाउज."

"अगं, त्यात माझा हातसुद्धा जाणार नाही."

"जाईल. बिल्कुल जाईल. बाबा साठ आणि तू चाळीस दिसशील, चलो."

हौसेला मोल नसतं म्हणतात. कुमुदला ती लागली. शांतीच्या वेळी नवऱ्याच्या उजव्या हाताला पाटावर बसायचं, दोघांवर कलशांतलं पाणी पडायचं, मग नव्याने लग्न लागल्यासारखे हार घालायचे, साठ दिव्यांनी ओवाळून घ्यायचं. त्या पाटावर तिला बारीक, नीटस, नव्या नवरीसारखं दिसायचं होतं. इंजेक्शनाने तोंडाची चव गेली. एक फुलका खाल्ला की पोट भरायचं. गणपतीपर्यंत बारा किलो उतरले. वृंदावहिनींनी तिला सगळ्यांदेखत गोल फिरवून बघितलं. तो महिना कुमुदच्या आयुष्यातला फार चांगला महिना होता.

पण उतरणं काही आपल्या सोयीने थांबत नाही. दिवाळीपर्यंत आणखी तेरा गेले. मांस गेलं, पण कातडी कुठे जाणार? ती गालांवरून ओघळली, हनुवटीखाली लोंबली, दंडांवर पिशवीसारखी झुलायला लागली. डोळे आत गेले, कानशिलं बसली, ओठांभोवती बारीक चुण्या आल्या. पंचवीस किलोंखाली दबून बसलेलं वय वाट मोकळी होताच वर आलं, आणि येताना चार वर्षं जास्तीची घेऊन आलं. खालच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीने तिला लिफ्टमध्ये धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुमुदजी, तबीयत ठीक है ना? कोई टेस्ट करवाया?" भाजीवाला तिला इतकी वर्षं भाभीजी म्हणायचा, तो माताजी म्हणायला लागला. त्या दिवशी तिने मटार न घेताच घर गाठलं.

"उत्तरा, आता पुरे करू या ना. थोडं अंगावर येऊ दे," ती फोनवर म्हणाली.

"मम्मा, पहिल्यांदा शुगर नॉर्मल आलीये. डॉक्टर किती खूश आहेत. फेसचं काय, तो सेट होईल गं."

रिपोर्ट तरुण झाले होते. बाई म्हातारी झाली होती. डॉक्टरांना रिपोर्ट दिसत होते. शशिकांतला काय दिसत होतं कोण जाणे. तो स्वतः चांगला ऐंशी किलोचा, गाल वर आलेले, दर पंधरा दिवसांनी केसांना काळा रंग लावणारा. तो एवढंच म्हणाला, "जरा तूप घेत जा वरणावर." कुमुद त्याच्याशेजारी आरशात दिसू नये म्हणून तो दाढी करत असला की मागून जायची थांबली.

साठीची शांत सोसायटीच्या हॉलमध्ये होती. वीसएक वर्षांपासूनचे त्यांचे गुरुजी नेमके पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेलेले, म्हणून त्यांनी नोएडाहून दुसऱ्या कुणाला धाडलं. नवे गुरुजी तरुण, चटपटीत आणि ट्रॅफिकमुळे पाऊण तास उशिरा. आले ते घाईतच. समोर सोवळं नेसून, अंगावर उपरणं घेऊन शशिकांत उभा. काळेभोर केस, गोल तुकतुकीत चेहरा. त्याच्या शेजारी जरीच्या साडीत उत्तरा, हातात तबक घेऊन. आणि बाजूला, गुडघे दुखत होते म्हणून, खुर्चीवर कुमुद. तिने शालू नेसला होता. लग्नातला ब्लाउज खरंच अंगात गेला होता. उलट खांद्यावरून उतरत होता म्हणून आतून टाचण्या लावल्या होत्या.

उठायला म्हणून तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला, तेवढ्यात गुरुजींनी तिला नमस्कार केला.

"बसा बसा मातोश्री, उठू नका. भाग्यवान आहात, मुलाची साठी बघताय. पहिलं औक्षण तुमचंच." मग शशिकांतकडे वळून म्हणाले, "यजमानीणबाई कुठे आहेत? बोलवा, मुहूर्त टळतोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या पोराला तरी काय दोष द्यायचा? त्याने बघितलं ते बोलला.

हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. उत्तरा म्हणाली, "गुरुजी, ती मम्मा आहे. आई. म्हणजे माझी." गुरुजींनी जीभ चावली, कान धरले. तेवढ्यावर ते संपलं असतं. लोकांनी माना खाली घातल्या असत्या, मंत्र सुरू झाले असते, आणि कुमुद घरी जाऊन मनसोक्त रडली असती. पण शशिकांतला प्रसंग सावरायची घाई झाली. तो हसला. दोन पावलं पुढे आला, कुमुदच्या पायांशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "आई, आशीर्वाद असू द्या."

हॉल हसून हसून लोटपोट. सगळ्यांना हायसं वाटलं ना. विजयालक्ष्मीला कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं, मग तीही हसली. कुमुदही हसली. नाही हसली तर तिला लागलंय हे सगळ्यांना कळलं असतं. मग ती पाटावर जाऊन बसली, तिच्यावर पाणी पडलं, गार पाण्याने तिचे उरलेसुरले केस डोक्याला चिकटले, आणि पाच सवाष्णींनी दोघांना ओवाळलं. हार घालायला नवरा समोर आला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली हसरी तोंडं ओळीने. शशिकांतला स्वतःचा विनोद एवढा आवडला की त्याने तो घरात पाळीवच ठेवला. "आई, चहा." "आई, टॉवेल." महिनाअखेर तो निवृत्त झाला, निरोपाला ऑफिसचे लोक घरी आले, तेव्हा त्यांनाही त्याने तो किस्सा सांगितला, मध्ये मध्ये थांबत, रंगवून. कुमुद आतून भजी आणत होती. तो म्हणाला, "आइए माताजी," आणि सगळे पुन्हा हसले. एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच्या मनात पाप नव्हतं. बायको आपल्याहून लहान आहे ह्याची त्याला खात्री होती, म्हणून तर ती चेष्टा होती.

कुमुदने त्याच आठवड्यात इंजेक्शन बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. दुपारी शशिकांत झोपला की डब्यातले बेसनाचे लाडू खायची, बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून उभ्याउभ्या खायची, साय चमच्याने खायची. भूक नसे, औषध घेतल्यासारखं खायची. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती, म्हणतात ते खोटं नाही. पाच किलो परत आले आणि सगळे पोटावर बसले. चेहरा होता तसाच. शुगर मात्र तीनशेच्या वर गेली, पायांना मुंग्या यायला लागल्या. उत्तराने रिपोर्ट बघितला आणि फोनवरच रडायला लागली. "मम्मा, तुला झालंय काय?"

संध्याकाळी चहाला शशिकांत त्याच विषयावर बोलायला बसला. रागावला नव्हता, समजावत होता. "हे बघ कुमे, दोन पावसाळे जास्त पाहिलेत मी. चेहऱ्याचं काय एवढं? लोक हसले, विसरले. तू लहान मुलीसारखं का करतेस?"

कुमुदने कप खाली ठेवला. आपण बोलणार आहोत हे तिला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"तुम्ही नाही पाहिलेत जास्त. मी पाहिलेत."

"म्हणजे?"

"माझा जन्म चौसष्टचा आहे. मे महिन्यातला. शाळेत बाबांनी सदुसष्ट घातलं होतं. तुमच्याहून दीड वर्षाने मोठी आहे मी." एवढं बोलल्यावर ती थोडी हसली. तिला वाटलं, तोही आता हसेल. म्हणेल, अच्छा, म्हणजे गुरुजी अगदीच चुकले नाहीत. वाटलं, एकदा दोघं मिळून ह्यावर हसलो की ते संपेल. निदान आपण एकटीने धरलेलं ओझं तरी खाली ठेवता येईल.

शशिकांत हसला नाही. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग आधी सरकारी नोकर बोलला. "माझ्या सर्व्हिस रेकॉर्डवर तुझं सदुसष्ट आहे. पेन्शनच्या कागदांवर तेच गेलंय. आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"उत्तराला?"

"नाही हो."

"सांगू नकोस." तो उठला, बाल्कनीत गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "पत्रिका पण खोटी होती म्हणजे." कुमुदने मान हलवली. "माझ्या आईने दोन मुली नाकारल्या होत्या, वयावरून. तुला माहीत होतं?" कुमुदला माहीत होतं. तेहतीस वर्षांचा संसार, त्यात आजारपणं, बदल्या, उत्तराचं शिक्षण, त्याच्या आईची शेवटची तीन वर्षं, जी कुमुदने एकटीने काढली. हे सगळं एका बाजूला आणि दीड वर्ष दुसऱ्या बाजूला, आणि तो माणूस दारात उभा राहून दीड वर्षाकडेच बघत होता. तिला त्याची चीड आली आणि त्याच वेळी त्याला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. दोन्हींतलं तिने काही केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. तो "आई, चहा" म्हणेना. स्वतः उठून चहा करून घ्यायला लागला, तिलाही आणून द्यायला लागला. "तू बस," म्हणायचा. पावसाळ्यांची गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडी आली नाही. कुमे म्हणायचाही थांबला. काही म्हणायचाच नाही, समोर येऊन बोलायचा. जड पिशवी तिच्या हातातून काढून घ्यायचा. जिना उतरताना तिचं कोपर धरायचा. लोक बघत होते आणि म्हणत होते, रिटायर झाल्यावर शशिकांतराव किती करतात बायकोचं. वृंदावहिनींनी आपल्या नवऱ्याला त्याचं उदाहरण दिलं. आणि कुमुद त्या भांडकुदळ, हट्टी, पावसाळे मोजणाऱ्या माणसाची वाट बघत होती. त्याने निदान एकदा तरी चिडवावं, म्हणून तिने दोनदा मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. त्याने पाणी घालून ती निमूटपणे खाल्ली.

फेब्रुवारीत पायांच्या मुंग्या वाढल्या, म्हणून उत्तराने राजेंद्र प्लेसजवळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. सकाळी दोघं मेट्रोने निघाली. द्वारका मोडपर्यंत डबा भरून गेला. कुमुद दांड्याला धरून उभी होती, शशिकांत तिच्या मागे. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने कानांत तारा घातल्या होत्या. शशिकांतने खाली वाकून तिचं लक्ष वेधलं.

"बेटा, ज़रा इन्हें बैठने दोगी? बुज़ुर्ग हैं."

मुलगी चटकन उठली. "सॉरी अंकल. आइए माताजी." तिने कुमुदचा हात धरून तिला बसवलं, पदर सारखा केला, चांगल्या घरातली मुलगी असावी. मग शशिकांतला विचारलं, "आपकी मदर हैं?"

कुमुदने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तिला एवढंच हवं होतं, की त्याने हसावं. पूर्वीसारखं मोठ्याने हसून सगळ्या डब्याला ऐकवावं, हाँ जी, माताजी हैं हमारी. म्हणजे मग ती चेष्टा राहिली असती.

शशिकांत हसला नाही. नाहीही म्हणाला नाही. त्याने मुलीला "थैंक यू बेटा" म्हटलं, कुमुदच्या मांडीवर रिपोर्टची फाइल ठेवली आणि दुसऱ्या बाजूच्या दाराजवळ जाऊन उभा राहिला. उत्तमनगरला आणखी माणसं चढली, आणि मग बसलेल्या जागेवरून तिला तो दिसेना.